होमस्टेडचा संप (१८९२)

होमस्टेडचा संप म्हणजे १८९२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्नेगी स्टील कंपनी आणि तिच्या कामगारांमध्ये झालेला झगडा. नाव संपाचं पडलं असलं तरी सुरुवात कंपनीच्या टाळेबंदीने झाली, कामगार कामावर यायला तयार होते आणि गेट आतून बंद होतं. होमस्टेड गाव पिट्सबर्गहून साधारण ११ किलोमीटरवर, मोनोंगहेला नदीच्या काठी. पोलादाचा कारखाना हेच गावाचं पोट, आणि त्यावेळी तिथे ३,८०० च्या आसपास माणसं कामाला होती.

भांडण पगाराचं होतं हे खरं, पण नुसतं पगाराचं म्हटलं तर निम्मी गोष्ट राहून जाते. आधी लोखंड कसं बनायचं ते बघावं लागतं. जुन्या पद्धतीत पडलर नावाचा कारागीर भट्टीच्या तोंडाशी उभा राहून लांब लोखंडी सळईने वितळलेलं लोखंड ढवळत राहायचा, ते हळूहळू घट्ट व्हायला लागलं की त्याचे दोन-दोनशे पौंडांचे गोळे करून बाहेर काढायचा, आणि नेमकं कधी थांबायचं हे त्याच्या डोळ्याला आणि हातालाच कळायचं. मालकाला ते कळत नव्हतं. त्यामुळे पडलर म्हणेल तो दर. मग १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री बेसेमरने आपली पद्धत जाहीर केली. पेअरच्या आकाराचं एक मोठं भांडं, त्यात वितळलेलं कच्चं लोखंड ओतायचं आणि खालून जोरात हवा सोडायची. आतला कार्बन आणि सिलिकॉन त्या हवेत जळतात, त्याचीच उष्णता इतकी होते की वेगळं इंधन लागत नाही, तोंडातून ठिणग्यांचा फवारा उडतो आणि १५-२० मिनिटांत कित्येक टन पोलाद तयार. होमस्टेडने पुढे ओपन हार्थ भट्ट्याही आणल्या, ज्यात वेळ जास्त लागतो पण माल जास्त भरवशाचा, आणि नौदलाच्या जहाजांसाठी चिलखती पत्रा तिथेच बनायला लागला. कौशल्य पूर्ण संपलं नाही, भट्टी आणि रोलिंग मिल, म्हणजे पोलाद लाटायचं यंत्र, चालवायला जाणकार लागायचेच, पण किती लागतील आणि त्यांना किती द्यायचे हे ठरवण्याची ताकद मालकाकडे सरकत चालली होती.

अँड्र्यू कार्नेगी हा मुळात स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनच्या हातमाग विणकराचा मुलगा. वाफेच्या मागांनी बापाचा धंदा बसला म्हणून १८४८ मध्ये घर अमेरिकेला आलं, आणि पोरगा सूतगिरणीत बॉबिन बदलायच्या कामाला लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंट. तिथून तारखात्याचा पोऱ्या, मग रेल्वे, मग पूल, मग पोलाद. १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन कारखाना सुरू केला आणि १८८३ मध्ये होमस्टेड विकत घेतलं. त्याचं सूत्र साधं होतं, नवीन यंत्र बाजारात आलं की जुनं चांगलं चालू असलं तरी भंगारात काढायचं आणि दर टनाचा खर्च पै-पैने खाली आणायचा. हाच माणूस १८८६ मध्ये मासिकात लेख लिहून कामगारांना युनियन करायचा हक्क आहे म्हणतो, शेजाऱ्याची नोकरी हिसकावू नये हा कामगारांचा धर्मच आहे असंही सांगतो. लिहिलेलं त्याला पुढे फार महागात पडलं.

युनियनचं नाव अमाल्गमेटेड असोसिएशन ऑफ आयर्न अँड स्टील वर्कर्स, स्थापना १८७६. यात फक्त कुशल कामगार, होमस्टेडमध्ये जेमतेम आठशे सभासद, म्हणजे चारातला एकसुद्धा नीट भरत नाही. बाकीचे हमाली-मजुरीवाले, त्यात स्लोव्हाक आणि पूर्व युरोपातून आलेले बरेच, तासाला १४ सेंटवर राबणारे, युनियनच्या बाहेर. १८८९ च्या झगड्यात शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, माणसं घेऊन आला तेव्हा गावाने त्याला परत धाडलं होतं आणि तीन वर्षांचा करार पदरात पाडून घेतला होता. करारात पगार पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेला होता. भाव वर गेला तर पगार वर, खाली आला तर खाली, पण बिलेटचा, म्हणजे चौकोनी पोलादी कांबीचा, भाव टनाला २५ डॉलरच्या खाली गेला तरी पगार २५ च्याच हिशोबाने धरायचा.

करार ३० जून १८९२ ला संपणार होता. कंपनीने ही तळाची मर्यादा २२ वर आणायची म्हटलं, नंतर २३ वर आली, युनियन २४ पर्यंत उतरली. एका डॉलरवर अडलं असं वाटतं, पण कंपनीच्या मागण्यांमध्ये अजून एक कलम होतं ज्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. पुढचा करार जूनऐवजी ३१ डिसेंबरला संपावा. पिट्सबर्गच्या थंडीत, घरात कोळसा नाही, बाहेर दुसरं काम नाही, अशात कोण संपावर जाईल? गिरण्यांच्या टाळेबंद्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला हा डाव लगेच कळेल. माझ्या मते तो एक डॉलर नाही, ही तारीख हेच खरं कलम होतं.

कंपनीकडून हे सगळं हाताळत होता तिचा चेअरमन हेन्री क्ले फ्रिक. कोळशापासून कोक, म्हणजे भट्टीचं इंधन, बनवण्याच्या धंद्यात तिशीच्या आत श्रीमंत झालेला, आणि युनियन हा शब्दच न सोसणारा माणूस. कार्नेगी स्वतः त्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला जाऊन बसला, जायच्या आधी आणि नंतरही फ्रिकला पत्रं लिहून तुझ्या पाठीशी आहोत असं सांगत राहिला. फ्रिकने कारखान्याभोवती तीन मैल लांब लाकडी कुंपण घातलं, वर काटेरी तार, मध्ये मध्ये भोकं. ही भोकं बघण्यासाठी आहेत असं कंपनी म्हणायची आणि बंदुकीसाठी आहेत असं कामगार, आणि त्यांनी कारखान्याचं नाव ठेवलं फोर्ट फ्रिक. जूनच्या शेवटी एकेक खातं बंद करत सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हा जे झालं ते फ्रिकच्या हिशोबात नसावं, युनियनमध्ये नसलेले तीन हजार मजूरसुद्धा युनियनच्या बाजूने उभे राहिले.

फ्रिकने आधीच पिंकर्टन या खाजगी डिटेक्टिव्ह कंपनीकडून ३०० माणसं मागवून ठेवली होती. ५ जुलैच्या रात्री त्यांना छपराच्या दोन बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावांमध्ये, भरून नदीतून वर आणायला सुरुवात झाली. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण कुठे आणि कशासाठी चाललोय हेही नीट माहीत नव्हतं. पण पाळतीवरच्यांनी पाहिलं, भोंगा झाला, आणि पहाटे चारच्या सुमाराला बार्ज कारखान्याच्या धक्क्याला लागले तेव्हा काठावर बायका-पोरांसकट अख्खं गाव हजर. पहिली गोळी कुणाची यावर आजही वाद आहे. त्यानंतर दिवसभर चाललं ते कुठल्या लढाईपेक्षा कमी नव्हतं: गावाने जुनी तोफ काढली, पलीकडच्या काठावरून डागलेल्या तिच्या गोळ्याने आपलाच एक माणूस मेला, मग डायनामाइट फेकलं, पेटता तराफा सोडला, पेटता रेल्वेचा डबा उतारावरून ढकलला, नदीत तेल ओतलं तर ते वंगणाचं निघालं आणि पेटेचना. संध्याकाळी पिंकर्टनवाल्यांनी पांढरं निशाण दाखवलं. त्यांना सोडून देऊ असं नेत्यांनी कबूल केलं होतं, पण काठापासून गावातल्या ऑपेरा हाऊसपर्यंत दोन्ही बाजूंनी उभ्या गर्दीने, त्यात बायका पुढे, त्यांना बडव बडव बडवलं. साधारणपणे सात कामगार आणि तीन पिंकर्टनवाले मेले असं धरतात, आकडे थोडे पुढेमागे सापडतात.

गाव जिंकलं, पण सहा दिवसच. १२ जुलैला गव्हर्नर पॅटिसनने पाठवलेलं राज्याचं सैन्य, सुमारे साडेआठ हजार, गावात उतरलं आणि त्यांच्या आडोशाने कंपनीने बाहेरची माणसं आत न्यायला सुरुवात केली. २३ जुलैला अलेक्झांडर बर्कमन नावाच्या अराजकवाद्याने, ज्याचा युनियनशी काही संबंध नव्हता, फ्रिकच्या ऑफिसात घुसून गोळ्या झाडल्या आणि भोसकलं. फ्रिक वाचला, वर कामगारांबद्दलची सहानुभूती मात्र आटायला लागली. पुढाऱ्यांवर खून, दंगल, थेट राजद्रोहाचे खटले घातले, ज्यूरीने एकालाही दोषी धरलं नाही, पण जामीन, वकील आणि तुरुंगात सगळा पैसा आणि दम गेला. २० नोव्हेंबरला युनियनने माघार घेतली.

त्यानंतर होमस्टेडमध्ये बारा तासांची पाळी नेहमीची झाली, आणि पंधरवड्यातून एकदा दिवसपाळी-रातपाळी बदलताना सलग चोवीस तास. अशा माणसांसाठी कार्नेगीने १८९८ मध्ये शेजारी मुनहॉलला लायब्ररी बांधून दिली, आत पोहण्याचा तलाव आणि संगीताचा हॉलसुद्धा. बारा तास भट्टीपुढे उभं राहून आलेला माणूस पुस्तक कधी उघडणार हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनने कार्नेगीचा सगळा धंदा ४८ कोटी डॉलरला घेतला, त्यातून यूएस स्टील उभी राहिली, जगातली पहिली अब्ज डॉलर भांडवलाची कंपनी. तिथे आठ तासांची पाळी यायला १९२३ उजाडलं आणि युनियनशी करार व्हायला १९३७. सरकारपुरता फरक मात्र लवकर पडला, १८९३ च्या कायद्याने केंद्र सरकारला पिंकर्टनसारख्या कंपन्यांची माणसं ठेवायला बंदी झाली.

मुंबईचा एक धागा यात आहे. जमशेटजी टाटा १९०२ मध्ये पोलाद कारखान्याचा सल्ला घ्यायला पिट्सबर्गला गेले ते ज्युलियन केनेडीकडे, जो आधी कार्नेगीच्या कारखान्यांत वरच्या जागेवर होता. त्यानेच चार्ल्स पेज पेरिनचं नाव सुचवलं आणि त्या ओळखीतून पुढे साक्चीचा, म्हणजे आजच्या जमशेदपूरचा, कारखाना झाला.

होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. तिथे आता मॉल आणि सिनेमागृह आहे, विटांची बारा धुराडी रांगेत तेवढी ठेवलीत, आणि जिथे बार्ज लागले होते तिथलं जुनं पंप हाऊस अजून उभं आहे. युनियनचं ऑफिस होतं ती बॉस्ट बिल्डिंगही टिकली आहे, त्यात म्युझियम आहे.