लोगोची जेपीजी छपाईला का चालत नाही

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडून आम्हा लोगो करणाऱ्यांना रोज फोन येतो, "लोगो व्हॉट्सॲपवर टाकलाय, पेटीवर घ्या." उघडून पाहावं तर ती आम्हीच गेल्या वर्षी स्टेटसला लावायला दिलेली जेपीजी असते, ८०० पिक्सेल रुंद. फाइलमध्ये दोष नाही, पण ती मोबाइलपुरतीच काढलेली आहे.

कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला मूळ लोगो म्हणजे रेषा आणि वळणांचं गणित. बोटाएवढा करा की भिंतीएवढा, कड तशीच धारदार राहते. जेपीजी काढली की त्याचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, होतात, आणि ठिपके मोजकेच असतात. ८०० पिक्सेल व्हिजिटिंग कार्डावर २ इंचात बसवले तर इंचाला ४०० पडतात. छपाईला ३०० पुरतात. पेटीवर तोच लोगो १० इंच केला की ८० उरतात. १० फुटी फ्लेक्सवर इंचाला ७ सुद्धा येत नाहीत.

त्यात फाइल दाबलेली असते. जेपीजीची पद्धत १९९२ साली ठरली ती फोटोंसाठी. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला बारीक तपशील सोडून द्यायचा. द्राक्षाच्या घडाच्या फोटोत ते जाणवत नाही. पांढऱ्यावर लाल अक्षरं असली की लगेच दिसतं, कारण रंगाची माहिती सहसा जास्तच कापली जाते. 'द्राक्ष'मधला 'क्ष' झूम करून बघा, पोकळीत धुरकट कण भरलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आणखी झीज. एकदा गेलेला तपशील परत येत नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका चुकीपायी : जेपीजी कोरलमध्ये टाकून सीडीआर (कोरलची स्वतःची फाइल) किंवा पीडीएफ म्हणून सेव्ह करणं. नाव बदलतं, आत तेच ठिपके. छपाईच्या प्लेटची तयारी झाल्यावर हे लक्षात येतं, मग फोनाफोनी, आणि पेट्यांना दोन दिवस उशीर.

"ट्रेस मारा ना," म्हणजे ठिपक्यांवरून रेषा कॉम्प्युटरलाच ओढू द्या, असं बरेच जण सुचवतात. मारून बघतोच. पण ट्रेसला धुरकट कणही रेषच वाटते. 'क्ष'ची पोकळी बुजते, अनुस्वार मात्रेला चिकटतो. म्हणून आम्ही अक्षर न् अक्षर हाताने ओढतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. जेपीजी काढायला मिनिट लागतं, उलट यायला दुपार जाते. आपल्या नावाची पेटी परदेशी जाणार असेल तर तेवढी मेहनत घ्यायलाच हवी, असं आम्हाला वाटतं.

नवीन लोगोसोबत आम्ही तीन फाइली देतो. पीडीएफ छपाईसाठी; त्यात अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांत बदललेली असतात, नाहीतर श्रीलिपीचे मराठी फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नावाच्या जागी भलतंच काही उमटतं. पीएनजी बिलावर किंवा रंगीत पानावर ठेवायला. मागे पांढरा चौकोन येत नाही, आणि सपाट रंगांचा लोगो त्यात जेपीजीपेक्षा लहानही होतो बहुतेकदा. जेपीजी फक्त मोबाइलसाठी.

पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, गॅलरीतून नको. जुना लोगो आमच्याकडेच केला असेल तर शोधत बसू नका, मूळ फाइल आम्ही जपून ठेवतो. सांगाल त्या मापाची जेपीजी किंवा पीएनजी काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. बाहेर केलेला असेल तर ज्यांनी केला त्यांच्याकडून आधी सीडीआर मागून घ्या. नाहीच मिळाली, तर पेट्यांच्या ऑर्डरआधी आठवडाभर या. छपाई आमच्याकडे असेल तर ओढायचा खर्च बिलात निम्मा धरतो.