घरच्या टँकमध्ये समुद्रफुलाचे विभाजन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बबल टिप जातीचे समुद्रफूल, म्हणजेच ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, आमच्याकडून नेणारे ग्राहक काही महिन्यांनी एकच प्रश्न विचारतात : एकाची दोन कशी करावीत? ब्लेडने ते मिनिटभरात कापता येते, हे खरे आहे. परंतु कापण्यापूर्वीचे काही महिने आणि त्यानंतरचे दोन आठवडे ज्यांनी नीट सांभाळले, त्यांचेच दोन्ही भाग जगतात, असा आमचा अनुभव असल्यामुळे या पत्रकात ब्लेडपेक्षा पाण्याविषयी अधिक लिहिले आहे.

बबल टिप मुळात स्वतःहून विभागणारा प्राणी आहे. त्याच्या पायाचा तळ दोन विरुद्ध दिशांना सरकू लागतो, शरीर मध्ये ताणले जाते आणि अखेर तोंडातून उभे फाटून दोन स्वतंत्र प्राणी होतात. समुद्राच्या उथळ भागात या जातीचे मोठे थवे दिसतात, ते बहुधा अशाच विभाजनातून वाढलेले असतात. टँकमध्ये मात्र असे विभाजन झाले म्हणजे प्रकृती उत्तम आहे, असे गृहीत धरू नये. भरपूर खाणारे फूल जसे विभागते, तसेच पाण्यात अचानक बिघाड झाल्यावरही ते विभागू शकते. विभाजनाची घाई नसेल त्यांनी निसर्गावर सोपवावे, हेच आम्ही सुचवतो. समुद्रफुले दीर्घायुषी असतात. जॉन डॅलियल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक फूल (ही जात मात्र वेगळी) काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगले.

कार्पेट जातीची फुले कापू नयेत. ती स्वतःहून क्वचितच विभागतात आणि कापल्यावर बहुधा सडतात. याउलट एप्टेशिया हे उपद्रवी फूल खरवडून काढण्याचा प्रयत्न केला, तर दगडावर राहिलेल्या पायाच्या बारीकशा तुकड्यातूनही नवे फूल उगवते. त्यामुळे तेही कापू नये, अर्थात कारण अगदी उलट आहे.

कापायचेच असेल, तर टँक किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर, स्थिर चाललेला असावा. क्षारता ३५ पीपीटी (पाण्याच्या दर हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस असावे. आकडा नेमका साधण्यापेक्षा तो रोज तोच राहणे अधिक महत्त्वाचे आहे. फुलाचे तोंड घट्ट मिटलेले, पाय पक्का चिकटलेला आणि रंग भरलेला असावा. पांढरे पडलेले फूल कापू नये, कारण ज्या सूक्ष्म शैवालाकडून त्याला प्रकाशाच्या साहाय्याने बहुतांश अन्न मिळते, ते शैवालच त्याने गमावलेले असते आणि जखम भरून काढण्याइतकी शक्ती त्याच्यात उरलेली नसते.

हातमोजे घालावेत, कारण शुंडकांवरील (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांवरील) दंशपेशी त्वचेला झोंबतात. तो हात डोळ्यांना लागू देऊ नये. टँकमधील पाण्याने ओल्या केलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या पाटावर फूल पालथे न ठेवता तोंड वर करून ठेवावे. ते आक्रसून पाणी सोडते आणि मुठीएवढे होते. त्या वेळी तोंडाची चीर शोधणे अवघड जाते, म्हणून थोडा वेळ थांबावे. नवे, तेल पुसलेले ब्लेड तोंडाच्या मधोमध ठेवून पायापर्यंत एकाच दाबात खाली न्यावे, करवतीसारखे पुढेमागे करू नये. प्रत्येक भागात तोंडाचा आणि पायाचा अंश आलाच पाहिजे. चार भाग करण्याचा मोह टाळावा.

दोन्ही भाग भोके असलेल्या टोपलीत, मंद प्रवाहात आणि थोड्या कमी प्रकाशात ठेवावेत. काही तासांत कापलेल्या कडा आत वळतात आणि तुकडा स्वतःभोवती गुंडाळला जातो. पुढील दिवसांत त्या कडा जुळून तोंडाचा आकार पुन्हा दिसू लागतो. या काळात बराच चिकट स्राव येतो, म्हणून स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील घाण काढणारे यंत्र) चालू ठेवावा, ताजा सक्रिय कोळसा घालावा आणि थोडे पाणी बदलावे. क्लाउनफिश (समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणारे मासे) असतील तर त्यांना दूर ठेवावे. प्रेमानेच का होईना, ते जखमेवर अंग घासतात.

तोंड पूर्ण जुळेपर्यंत खायला घालू नये. आमच्याकडे एकदा चौथ्याच दिवशी कोळंबीचा तुकडा दिला गेला. तो आत न जाता उघड्या जखमेतच कुजला आणि तो भाग गेला. साधारण दोन आठवड्यांनी शुंडके चिकटून अन्न धरू लागली की तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा देऊन पाहावा. एखादा भाग लिबलिबीत होऊन विरघळू लागला व त्याला दुर्गंधी आली, तर तो ताबडतोब बाहेर काढावा, कारण त्यातून सुटणारा अमोनिया लहान टँकमधील इतर जीवांनाही मारू शकतो.

टोपलीतून सुटलेले नवे फूल जागा शोधत फिरते, म्हणून प्रत्येक पंपाच्या तोंडावर जाळी किंवा स्पंज आधीच बसवावा. ते नको तिथे चिकटले, तर नखाने ओढू नये. पाय फाटला की जखम पुन्हा उघडते. पायाच्या कडेवर पाण्याचा झोत सोडत राहावे, म्हणजे ते स्वतःहून सुटते.