प्रवेशाची किल्ली ऑल्बनीत

न्यूयॉर्कमध्ये आठवीतल्या मुलाला स्टायव्हसंट हायस्कूल, म्हणजे परीक्षेवरच प्रवेश देणाऱ्या शहराच्या आठ नामांकित सरकारी शाळांपैकी एक, गाठायचं असेल, तर तीन तासांचा एकच पेपर. निम्मे प्रश्न इंग्रजीचे, निम्मे गणिताचे. शाळेतले मार्क, शिक्षकांचं मत, काही धरत नाहीत. मग सगळ्यांची एकच गुणवत्ता यादी. वरून एकेकाला पसंतीक्रमाप्रमाणे जागा देत खाली यायचं. जागा संपल्या की दार बंद.

ही पद्धत शिक्षणतज्ज्ञांनी ठरवली असेल, असं वाटतं. तशी ती नाही. 1971 साली ब्राँक्स भागातल्या ब्राँक्स सायन्स या अशाच शाळेची परीक्षा कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन मुलांवर अन्याय करते, अशी ओरड झाली आणि शहराचं शिक्षण खातं फेरविचाराला लागलं. तेवढ्यात ब्राँक्समधल्याच हेक्ट आणि कॅलँड्रा या दोन आमदारांनी राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, कायदा करून परीक्षाच पक्की केली. तेव्हापासून शाळा शहराच्या, कुलूप राज्याचं.

2019 मध्ये स्टायव्हसंटच्या 895 जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त 7. शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मात्र जवळपास दोन-तृतीयांश. तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी आदल्याच वर्षी परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या अव्वल मुलांना प्रवेश देण्याची योजना मांडली होती. ऑल्बनीत ती अडकली ती अडकलीच.

का? कारण गणित मतांचं आहे. बदलाचा फायदा हजारो घरांत थोडाथोडा विखुरतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्या मुलाला जागा मिळाली असती याचा पत्ताही नसतो. तोटा मात्र नेमक्या घरांत जाऊन बसतो. या परीक्षेच्या क्लासची फी भरायला पोटाला चिमटा काढणारे चिनी, बांगलादेशी स्थलांतरित आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांतली कित्येक घरं गरीबच. त्यामुळे हा वाद श्रीमंत विरुद्ध गरीब असा सरळ मांडताच येत नाही. वर माजी विद्यार्थ्यांच्या संघटना, आणि ब्राँक्स सायन्समध्ये शिकलेल्या रोनाल्ड लॉडर या अब्जाधीशाचा पैसा.

शहराच्या हाती उरली ती कायद्यातलीच एक फट: थोडक्यात हुकलेल्या गरजू मुलांना उन्हाळी वर्गानंतर घेणारा डिस्कव्हरी कार्यक्रम. तो वाढवला, तर 2018 च्या अखेरीस त्यावरही खटला गुदरला.

गंमत अशी, की परीक्षेवर चालणाऱ्या आठ शाळांपैकी पाच शाळांची नावं त्या कायद्यात नाहीतच. ती 2002 पासून पुढे जोडली गेली. त्यांचं ‘परीक्षेची शाळा’ हे बिरुद शहराला स्वतःच काढता येईल, असं अनेक जाणकार सांगत होते. महापौरांनी त्यांना हात लावला नाही.