सोलर लावला तरी सिमेंटचा कार्बन का जात नाही

आमचा प्लांट आता सोलरवर, त्यामुळे आमचं सिमेंट ग्रीन, अशा जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. सोलर लावला तर चांगलंच आहे, वीज लागतेच की. पण सिमेंटमधून जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला साधारण ६० टक्के भाग ना विजेचा असतो ना कोळशाचा, तो थेट दगडातून येतो, आणि हे लोकांना माहीतच नसतं. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात, आणि सिमेंट उत्पादनात चीननंतर आपलाच नंबर लागतो.

शाळेतली केमिस्ट्री आठवा. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, कोरपना भागात सिमेंटचे कारखाने आहेत ते या दगडासाठीच. तो तापवला की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, १०० किलो शुद्ध चुनखडीमागे ५६ किलो चुना आणि ४४ किलो वायू. हा चुना मग मातीतल्या सिलिकाबरोबर १४५० अंशाला भाजला की क्लिंकरचे काळपट खडे तयार होतात, ते जिप्सम घालून दळले की झालं ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट. ५० किलोच्या एका गोणीमागे नुसत्या दगडातूनच २४-२५ किलो कार्बन डायऑक्साइड गेलेला असतो, भट्टीचं इंधन वेगळंच. भट्टी उद्या हायड्रोजनवर चालवली तरी हे २४-२५ किलो जाणारच.

मग करायचं काय? क्लिंकर कमी वापरायचं. पीपीसीमध्ये, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये, आपण हे कधीपासून करतोय, थर्मल पॉवर स्टेशनची राख १५ ते ३५ टक्के मिसळतो. स्टीलवाल्यांची स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना उरणारी मळी, तीही चालते. पण स्लॅग मर्यादित आहे, आणि कोळशावरची वीज कमी करायची म्हटल्यावर राखही कमीच होणार.

मला सगळ्यात भारी वाटतो तो उपाय मातीचा आहे, एलसी३, म्हणजे भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेलं सिमेंट. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या संशोधक केरन स्क्रिव्हनर, क्युबातले संशोधक आणि आपल्या आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रासच्या लोकांनी मिळून यावर काम केलंय. यात क्लिंकर फक्त ५० टक्के, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. माती मात्र केओलिनवाली पाहिजे, चिनी मातीच्या जातीची, पण भांड्यांना लागते तेवढी शुद्ध नसली तरी चालते. कोकणात जांभ्याच्या थराखाली पांढरी-गुलाबी मऊ माती लागते ना, तीही याच कुळातली.

ही माती ७००-८०० अंशाला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड नाही, पाण्याची वाफ निघते, कारण केओलिनच्या थरांमध्ये हायड्रॉक्सिल गट अडकलेले असतात. ते निघून गेले की थरांची रचना मोडते आणि आतलं सिलिका-अॅल्युमिना रिअॅक्शनला मोकळं होतं. आता गंमत बघा. क्लिंकर पाण्याशी जुळताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, ज्याचा मजबुतीला फारसा उपयोग नसतो. भाजलेली माती तेच पकडते आणि त्यातून आणखी घट्ट जेल बनवते, म्हणजे सिमेंटला धरून ठेवणारा जो मुख्य पदार्थ, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, त्याचाच अॅल्युमिनियम असलेला भाऊ. आणि मातीतलं उरलेलं अॅल्युमिना कच्च्या चुनखडीशी जुळून कार्बोअॅल्युमिनेटचे स्फटिक तयार होतात, ते बारीक छिद्रांत बसतात. म्हणजे जी चुनखडी भाजलीच नाही, जिच्यातला कार्बन दगडातच राहिला, तीसुद्धा कामाला लागली! छिद्रं बारीक झाली की मिठाचं पाणी सळईपर्यंत सहज पोचत नाही, समुद्राकाठच्या बांधकामाला हे फार मोलाचं आहे. आणि एवढं करून कार्बन ओपीसीच्या तुलनेत ३० ते ४० टक्क्यांनी कमी.

नवीन प्लांटही लागत नाही, जुन्या रोटरी भट्टीत माती भाजता येते. उलट नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट प्लांटमध्ये २०२५ साली धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायची यंत्रणा सुरू झाली, ती वर्षाला चार लाख टन पकडायला बांधलीय, काम जबरदस्त आहे पण खर्चही तसाच, आणि पकडलेला वायू समुद्रतळाखाली नेऊन पुरावा लागतो. आपल्यासारख्या देशानं आधी क्लिंकर कमी करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण साइटवर आहे. ओपीसी ५३ ग्रेड म्हणजेच भारी आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेली भेसळ, हा समज अजून गेलेला नाही. काही जण तर रंगावरून ठरवतात, जितकं काळपट तितकं मजबूत! रंगाचा मजबुतीशी काही संबंध नाही, आणि मातीत लोह असेल तर एलसी३ जरा तांबूस दिसू शकतं, म्हणून गिऱ्हाईक ते नाकारेल अशी कंपन्यांना भीती असते. मिश्र सिमेंट सुरुवातीला थोडं हळू ताकद घेतं हे मात्र खरं, म्हणून काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, ओपीसीला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगितलंय. हे तीन दिवस वाचवायला कॉन्ट्रॅक्टर ओपीसी मागतो. एलसी३ साठी २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे भारतीय मानक आलंय, त्यामुळे आता पीडब्ल्यूडी, महापालिका आणि मोठे बिल्डर यांना टेंडरमध्ये ते लिहायला कुणाची आडकाठी नाही.