राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य: पैसा एकाच थैलीतला, हक्क मात्र वेगळे

ताडोब्याच्या सफारीत जिप्सी एका वळणावर राष्ट्रीय उद्यानाची हद्द ओलांडून अभयारण्यात शिरते, तेव्हा गाडीतल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. तोच साग, तोच बांबू, तीच धूळ. आपण ज्याला सरसकट ‘ताडोबा’ म्हणतो, त्या व्याघ्र प्रकल्पाच्या, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या जंगलाच्या, गाभा क्षेत्रात (सर्वांत कडक राखलेल्या आतल्या भागात) 1955 साली घोषित झालेले 116.55 चौरस किलोमीटरचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याला लागून 1986 सालचे अंधारी अभयारण्य आहे, जे क्षेत्रफळाने उद्यानाच्या चौपटीहून मोठे आहे. पर्यटकाचे तिकीट मात्र एकच असते. त्यामुळे राष्ट्रीय उद्यान म्हणजे मोठे आणि मानाचे जंगल व अभयारण्य म्हणजे त्याच्या एक पायरी खालचे, असा समज पक्का होतो, आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतले तक्तेही तो फारसा हलवत नाहीत.

या समजाच्या मुळाशी ‘राष्ट्रीय’ हा शब्द आहे. अमेरिकेत यलोस्टोन 1872 साली राखले गेले, तेव्हापासून तेथील राष्ट्रीय उद्याने संघीय सरकारची आहेत आणि 1916 पासून त्यांचा कारभार पाहणारे वेगळे केंद्रीय खातेही आहे. आपल्याकडे फक्त शब्द आला, व्यवस्था आली नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्य कलम 18 खाली आणि राष्ट्रीय उद्यान कलम 35 खाली सामान्यतः राज्य सरकारच घोषित करते. दोन्हींचा कारभार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अखत्यारीत असतो, आणि गस्त घालणारा वनरक्षकही राज्याच्याच पगारावर असतो. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ‘राष्ट्रीय’ आहे म्हणून दिल्लीहून चालते आणि भीमाशंकर अभयारण्य आहे म्हणून मुंबईहून, असे काही नाही.

पैशाचा मार्गही सारखाच आहे. वेतन, वाहने, पाणवठे, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) यांचा मूळ भार राज्याच्या अर्थसंकल्पावर पडतो. वन्यजीव अधिवासांच्या विकासासाठी केंद्राची जी योजना आहे, तिचा लाभ उद्यानांना आणि अभयारण्यांना सारखाच मिळतो. निधीत खरा फरक पडतो तो जंगल व्याघ्र प्रकल्पात आले की नाही यावरून. महाराष्ट्रासारख्या राज्यांत व्याघ्र प्रकल्पाच्या अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चातला 60 टक्के आणि आवर्ती (दरवर्षीच्या) खर्चातला 50 टक्के वाटा केंद्र देते. शिवाय अशा प्रकल्पांसाठी कायद्यातच व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद असल्यामुळे पर्यटनातून येणारे उत्पन्न तिजोरीत विरून न जाता त्याच जंगलासाठी आणि भोवतालच्या गावांसाठी वापरता येते. म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलेले कोयना अभयारण्य निधीच्या दृष्टीने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापेक्षा ताडोब्याला अधिक जवळचे आहे. नावावरून खिशाचा अंदाज बांधू नये, तो यासाठी.

मग फरक कशात आहे? माणसांच्या हक्कांत. कोणतेही क्षेत्र राखीव करताना जिल्हाधिकारी तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करतात. अभयारण्याच्या बाबतीत कलम 24 त्यांना एक वाट मोकळी ठेवते: मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून एखादा हक्क तसाच चालू ठेवता येतो. राष्ट्रीय उद्यानासाठी या कलमाचा नेमका तेवढाच भाग वगळला आहे. तेथे हक्क संपादित करायचे, त्यांचा मोबदला द्यायचा आणि सगळे हक्क राज्याकडे आल्यावरच उद्यानाची अंतिम अधिसूचना काढायची. चराईचेही तसेच. अभयारण्यात ती नियंत्रित करता येते किंवा बंदही करता येते, पण उद्यानात पाळीव जनावराला पाऊल टाकण्याचीच मनाई आहे. याला कायद्याने ठेवलेला एकमेव अपवाद वाचून हसू येते: प्रवेशाची परवानगी असलेल्या माणसाचे वाहन म्हणून जनावर आत आलेले चालते. म्हणजे घोड्यावर बसून जाता येईल, पण घोड्याला चरायला सोडता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली वाळलेली झाडे आणि गवत नेण्यावर दोन्हीकडे निर्बंध घातल्यामुळे प्रत्यक्षातले अंतर पुष्कळ कमी झाले आहे, हेही सांगायला हवे.

हा फरक कागदावरचा वाटत असेल, तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाऊन पाहावे. तेथे साम्रद, रतनवाडी, पाचनई ही नांदती गावे आहेत, भातखाचरे आहेत, यात्रा-जत्रा आहेत. ट्रेकला आलेला माणूस गावातल्याच घरात पिठलं-भाकरी खातो आणि गावातलाच वाटाड्या घेऊन गड चढतो. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहायला जी गर्दी उसळते, तिची राहण्या-जेवणाची सोय हीच गावे करतात. ही सगळी व्यवस्था उभी आहे ती अभयारण्यात माणसाच्या वस्तीला कायद्याने जागा ठेवली म्हणून. हा भाग उद्या राष्ट्रीय उद्यान झाला, तर वाट तीच राहील, पण वाटेवरचे घर राहणार नाही.

बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला मात्र दोन्हीकडे जवळपास एकच नियम लागू होतो. परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आणि परवाना अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आतल्या रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार अशा ठरावीक कारणांसाठीच मिळतो. ज्यांना परवाना लागत नाही त्यांत कर्तव्यावरचे लोकसेवक, आत राहण्याची परवानगी असलेले लोक, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असणारे, आणि सार्वजनिक महामार्गाने केवळ पलीकडे जाणारे प्रवासी येतात. या शेवटच्या सवलतीचा लाभ कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने नकळत घेतलेला आहे, कारण मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी एसटीच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका पाहतो आणि एक पैसाही न देता अभयारण्य पार करतो. तोच जर प्रवेशद्वारापाशी उतरून किल्ल्याच्या वाटेला लागला, तर त्याला पावती फाडावी लागते.

पावतीचाही घोळ असतोच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य द्वारावर तिकीट काढून कान्हेरीला पोहोचले की लेण्यांसाठी दुसरे तिकीट लागते. दोनदा पैसे घेतले म्हणून तेथे कुरकुर होते, पण पहिले शुल्क राज्याच्या वन विभागाचे असते आणि दुसरे केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे. राष्ट्रीय उद्यानात केंद्राला थेट दिलेले पैसे कोणते, तर ते उद्यानाचे नव्हेत, लेण्यांचे!

उद्यान की अभयारण्य यावर ज्याचा आकडा ठरतो, अशी एक गोष्ट मात्र आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर तिचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या आदेशानुसार ही रक्कम सामान्य वनजमिनीच्या तुलनेत अभयारण्यासाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट धरली जाते. ‘राष्ट्रीय’ या शब्दाला रुपयांत मोजलेले वजन दिसते ते असे, आणि तेही जंगल राखताना नव्हे, तोडायला निघाल्यावर.

प्रत्यक्षातली उद्याने कायद्यातल्या चित्राइतकी निर्मनुष्य नाहीत. बोरिवलीच्या उद्यानात आजही आदिवासी पाडे आहेत. त्यात 2006 च्या वनहक्क कायद्याने ‘वनजमीन’ या व्याख्येत अभयारण्यांबरोबर राष्ट्रीय उद्यानेही घेतली, आणि पुनर्वसनासाठी ग्रामसभेची लेखी संमती आवश्यक केली. ताडोबा-अंधारीतून जामणी, नवेगाव ही गावे उठली ती अभयारण्याच्या भागातून, कारण तो व्याघ्र प्रकल्पाचा गाभा होता. व्याघ्र प्रकल्पातल्या कुटुंबाला स्वेच्छा पुनर्वसनासाठी मिळणारी रक्कम 2021 साली 10 लाखांवरून 15 लाख रुपये झाली. थोडक्यात, अभयारण्यात राहणाऱ्यालाही कायमची हमी नाही, आणि उद्यानात राहणाऱ्याचा हक्क अगदीच पुसला गेलेला नाही.

राहिला प्रश्न ज्यांना चढता-चालता येत नाही त्यांचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मनोरंजनाच्या ठिकाणी सुगम प्रवेश असावा असे म्हणतो, आणि त्यात उद्यान व अभयारण्य असा भेद नाही. भेद जमीन करते. कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, तेथवर चाकाची खुर्ची गाडीतून नेता येते, आणि पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. कळसूबाईच्या शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. त्या मुळात देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांसाठी आहेत, पण साठी उलटलेली माणसे त्यांच्याच आधाराने 1646 मीटरवर पोहोचतात, आणि कठड्याला धरून खाली उतरणाऱ्याला आधी वाट देतात.