अवरोधबिंदू (उत्पादन-प्रक्रियेतील)

अवरोधबिंदू : अनेक टप्प्यांतून पूर्ण होणाऱ्या उत्पादन-प्रक्रियेतील असा टप्पा, ज्याची क्षमता त्याच्यावर येऊन पडणाऱ्या कामापेक्षा कमी असते आणि म्हणून ज्याच्या चालीनेच अखेर सगळा माल बाहेर पडतो. बाटलीच्या निमुळत्या मानेवरून पडलेला ‘बॉटलनेक’ हा शब्द छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत सर्रास चालतो. कामगारांच्या तोंडी मात्र ‘माल तटला’, ‘काम तुंबलं’ असेच येते. अवरोधबिंदू म्हणजे यंत्रच असते असे नाही. माणूस, पाणी, वीज, खेळते भांडवल किंवा वाळवणाचे ऊन यांपैकी काहीही तो असू शकतो, आणि मराठवाड्यात तो पुष्कळदा कारखान्याच्या भिंतीबाहेर सापडतो.

समजा, एका सुट्या भागावर चार यंत्रांवर क्रमाने काम होते आणि त्यांची ताशी क्षमता ६०, ४५, ३० व ५० नग आहे. साखळीतून ताशी ३० नगच निघतील. दुसरे यंत्र बदलून त्याची क्षमता ६० केली, तरी उत्पादन ३०च राहील. वाढेल तो तिसऱ्या यंत्रापुढचा ढीग. हाच ढीग पाहून अनेकदा ‘काम जोरात आहे’ असा समज होतो.

कल्पनेचा उगम : याविषयी मतभेद आहेत. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ही कल्पना सहसा इझ्रायली भौतिकीविज्ञ इलियाहू गोल्डरॅट (१९४७–२०११) यांच्या नावावर जमा असते. कोंबड्यांचे पिंजरे बनवणाऱ्या एका परिचिताच्या कारखान्याचे वेळापत्रक आखण्यापासून त्यांचे काम सुरू झाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यातून संगणकप्रणाली तयार झाली, आणि १९८४ मध्ये कादंबरीच्या रूपाने हा विचार जगभर पोहोचला. परंतु जर्मन अर्थशास्त्रज्ञ एरिख गूटेनबेर्ग यांनी १९५१ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, अल्पकालीन नियोजन सर्वांत अपुऱ्या विभागाच्या तंत्रानेच चालते, असा नियम आधीच मांडला होता. गणिती बाजूने पाहता सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगासाठी केलेल्या मांडणीत, अपुऱ्या साधनाचे एक एकक वाढले तर उत्पादनात किती भर पडेल, याचे मोल काढता येत होते. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांच्या १९४७ च्या ‘सिम्प्लेक्स’ या गणनपद्धतीने ते हिशेब व्यवहारात आले.

याहूनही मागे जाणारा धागा शेतीशास्त्रात आहे. पिकाची वाढ सर्वाधिक अपुऱ्या पोषकद्रव्याने ठरते. बाकीची कितीही घातली तरी उपयोग होत नाही, हा ‘न्यूनतमाचा नियम’ दीर्घकाळ जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांच्या नावाने (१८४०) शिकवला गेला. अलीकडचे अभ्यासक त्याचे श्रेय कार्ल श्प्रेंगेल यांच्या १८२८च्या सुमाराच्या लेखनाला देतात, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. गोल्डरॅट यांनी ही कल्पना जर्मन लेखनातून उचलली असे म्हणण्यापेक्षा ते स्वतंत्रपणे तेथे पोहोचले असावेत, असे मानणे सयुक्तिक आहे. त्यांचे खरे योगदान नियमात नसून कृतीच्या क्रमात आहे : अवरोध ओळखणे, आहे त्या स्थितीत त्याचा पुरेपूर उपयोग करणे, बाकीचे टप्पे त्याच्या चालीला बांधणे, मगच पैसा घालून त्याची क्षमता वाढवणे, आणि अवरोध दुसरीकडे सरकला की पुन्हा पहिल्यापासून पाहणे.

ओळख व व्यवस्थापन : ज्या टप्प्याच्या अलीकडे माल साचतो आणि पलीकडे माणसे वाट पाहत बसतात, तेथे अवरोधाचा संशय घ्यावा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसार, प्रक्रियेत ६०० नग अडकलेले असतील आणि ताशी ३० बाहेर पडत असतील, तर एका नगाला सरासरी २० तास लागतात. रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रतिमानात यंत्र ८० टक्के वेळ गुंतलेले असेल तर सरासरी प्रतीक्षा कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट होते. म्हणून प्रत्येक यंत्र सतत चालू ठेवण्याचा आग्रह घातक ठरतो. जेवणाच्या सुट्टीत बदली कामगार देणे, खराब नग अवरोधाच्या आधीच बाजूला काढणे, सेटिंगची तयारी यंत्र चालू असतानाच करून ठेवणे, हे उपाय जवळजवळ बिनखर्चाचे आहेत. वाळूजच्या लहान कारखान्यांत जॉबवर्कला बाहेर पाठवलेला माल उष्णता-उपचार किंवा प्लेटिंगसाठी दुसऱ्याच्या भट्टीपुढे रांगेत थांबतो. तेव्हा स्वतःच्या लेथची गती वाढवून काहीच साधत नाही.

साखर कारखाने : मराठवाड्यातील सर्वांत बोलके उदाहरण हेच. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या नंबर लावून उभ्या असतील तर अवरोध आत आहे. गव्हाण (ऊस मिलकडे नेणारा फिरता पट्टा) रिकामी फिरत असेल तर तो उसाच्या फडात आहे. आतला अवरोधही जागा बदलतो. बाष्पीभवनाच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढला की रस घट्ट होण्याची गती मंदावते, आणि मिल धडधाकट असूनही गाळप कमी करावे लागते. त्यासाठी ठरावीक दिवसांनी कारखाना थांबवून नळ्या साफ करणे हा तोटा नसून अवरोधाची निगा आहे. तोडलेला ऊस मात्र साठवता येत नाही. तोडीनंतर साखरेचे विघटन सुरू होते, वजन घटते, उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) खाली येतो. यंत्रशाळेत अवरोधापुढे मालाचा राखीव साठा ठेवतात, तशी सोय येथे फार थोड्या तासांपुरतीच असते. म्हणून शेतकी विभागाचा तोडणी कार्यक्रम हेच नियंत्रणाचे मुख्य साधन ठरते.

फडातला अवरोध म्हणजे तोडणी मजूर. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो ‘कोयते’ (एक कोयता म्हणजे बहुधा एक जोडपे) मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि मराठवाड्यातल्याच कारखान्यांना टोळ्या अपुऱ्या पडतात. ‘अवरोधाचा पुरेपूर उपयोग’ ही पायरी येथे जशीच्या तशी लावता येत नाही. यंत्राची सुट्टी भरून काढणे वेगळे आणि माणसाच्या खाड्याला दंड लावणे वेगळे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत होणारा खाडा आणि त्याचा दंड हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. क्षमता वाढवायची तर तोडणी यंत्रे आहेत, पण लहान तुकड्यांच्या रानात ती सहज वळत नाहीत. फडावर पाणी, निवारा व दवाखाना पुरवणे हा खर्च क्षमतावाढीतच धरला पाहिजे.

डाळ मिल व पाणी : लातूरच्या डाळ उद्योगात तुरीला तेल-पाणी लावून वाळवल्यावरच साल सुटते. पारंपरिक पद्धतीत हे वाळवण उघड्या अंगणात काही दिवस चालते. ढगाळ हवेत रोलर व चाळण्या मोकळ्या असूनही मिल अडते. यांत्रिक वाळवणी बसवली की अवरोध तेथून हलतो, पण बहुधा वीज वा इंधनाच्या खर्चाकडे.

पाण्याचा अवरोध सगळ्या उद्योगांना समान. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचे निर्देश दिले. अशा वेळी ताशी किती नग निघतात यापेक्षा दर हजार लिटर पाण्यामागे किती उत्पादन होते, हे माप अधिक उपयोगी पडते.

हस्तव्यवसाय : पैठणच्या हातमागावरील पैठणीत विणकराचा हात हाच अवरोध असतो. पदरावरचे मोर व कोयऱ्या हाताने भरताना एका साडीला काही महिनेही लागतात. यंत्रमागाने तो अवरोध दूर होतो, पण तयार होणारे वस्त्र वेगळे असते.