वेग सोडलेला गोलंदाज आणि दोन्ही हाताशी ठेवणारा

गोल्फ क्लब मैदानाच्या नेट्सवर सुट्टीच्या सकाळी एक वाक्य हमखास कानावर येतं: "अहो, हा आधी फास्ट टाकायचा, आता स्पिन टाकतो. सोबर्ससारखं!" बोलणारे बहुधा कुणाचे तरी बाबा असतात, कौतुक खरंखुरं असतं. पण वेस्ट इंडिजच्या गारफिल्ड सोबर्सचं नाव इथे चुकीच्या जागी येतं. वेगवान गोलंदाजी सोडून कायमचा फिरकीकडे गेलेला गोलंदाज वेगळा, आणि दोन्ही प्रकार जवळ बाळगून खेळपट्टी बघून निवडणारा वेगळा. पहिला एकदाच निर्णय घेतो, तोही सहसा शाळेच्या वयात. दुसऱ्याला तो प्रत्येक सामन्यात नव्याने घ्यावा लागतो.

सोडून गेलेल्यांमध्ये मोठमोठी नावं आहेत. अनिल कुंबळे शाळेत मध्यमगती टाकायचा. मोठा भाऊ दिनेश याच्या सल्ल्याने तो लेगस्पिनकडे आला आणि १३२ कसोटींत ६१९ बळींपर्यंत पोहोचला. श्रीलंकेचा मुरलीधरन कँडीच्या सेंट अँथनीज कॉलेजात मध्यमगती गोलंदाज होता. चौदाच्या आसपास प्रशिक्षक सुनील फर्नांडो यांनी त्याला ऑफस्पिन टाकायला लावला. पुढचे ८०० बळी सगळ्यांना ठाऊक आहेत. अश्विन आधी सलामीचा फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाज होता. वरुण चक्रवर्ती तर बराच उशिरा वळला, क्लब क्रिकेटमध्ये मध्यमगती टाकताना गुडघा दुखावल्यानंतर.

माझ्या मते या मंडळींमध्ये कुंबळे सगळ्यात बोलका. उंचावरून येणारा हात, हवेतून झपाट्याने जाणारा चेंडू, टप्प्यावरून अंगावर येणारी उसळी; फलंदाज पायचीत होतो तो वळणाला फसून कमी आणि वेगाला उशीर करून जास्त. मध्यमगती सुटली, पण तिचा सांगाडा राहिला. मुरलीमध्ये उलट जुन्या गोलंदाजीचा मागमूसही सापडत नाही, सगळा कारभार मनगटाचा.

आता खरा घोटाळा होतो ती जागा. आपल्याकडे 'स्पिनकडे वळलेली' बरीच पोरं प्रत्यक्षात हळू ऑफ कटर, म्हणजे न पिळता नुसती बोटं ओढून वळवलेला चेंडू, टाकत असतात. टेनिस बॉलवर तो चालतोही, कारण चेंडू थांबून येतो. चामड्याचा सीझन बॉल हातात आला की उघडं पडतं.

कटर टाकताना तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर जवळजवळ असतात. हात वेगाने खाली येतो आणि चेंडू सुटताना बोटं त्याच्या उजव्या बाजूवरून खाली ओढली जातात. मनगट फारसं वळत नाही. ऑफस्पिनमध्ये तीच दोन बोटं शिवणीला आडवी आणि फाकलेली. तर्जनीचं पेर शिवणीत अडकवून चेंडू पिळायचा असतो, नळाची तोटी बंद करताना मनगट वळतं तसा. पायांचाही फरक आहे. वेगवान गोलंदाज पुढचा पाय ताठ रोवतो आणि अंग त्याच्यावरून पुढे झोकतो. ऑफस्पिनर पुढच्या पायाच्या चवड्यावर गिरकी घेतो, कंबर फिरते, मागचा पाय वळसा घेऊन पुढे येतो. ही गिरकी नसेल तर चेंडूवर पीळ बसतच नाही.

पीळ असेल तर चेंडू हवेतच कामाला लागतो. फलंदाजाच्या अंदाजापेक्षा आधी खाली येतो, उजव्या फलंदाजासाठी थोडा स्लिपकडे सरकतो आणि टप्प्यानंतर आत वळतो. हळू कटरमध्ये हवेतलं हे सगळं जवळजवळ नसतं. तो फक्त टप्प्यावर काहीतरी करतो, तेही खेळपट्टीने साथ दिली तर. घरच्या घरी बघायचं असेल तर जुन्या चेंडूची एक बाजू रंगवा आणि पोराला टाकायला सांगा. रंग किती भरभर फिरतो त्यावरून पीळ कळतो.

या दोहोंच्या सीमेवर उभा राहिलेला मोठा गोलंदाज म्हणजे इंग्लंडचा डावखुरा डेरेक अंडरवूड. वेग फिरकीवाल्यांपेक्षा जास्त, पद्धत बरीचशी कटरची, आणि ८६ कसोटींत २९७ बळी. ओल्या खेळपट्टीवर त्याला खेळणं अशक्य व्हायचं. म्हणजे कटर कमी दर्जाचा असं मुळीच नाही. फक्त अंडरवूडच्या कटरला वेग होता, आपली पोरं नेमका तोच काढून टाकतात.

दोन्ही बाळगणाऱ्यांचा मुकुटमणी अर्थात गारफिल्ड सोबर्स. त्याची वाट मात्र उलटी होती. १९५४ साली किंग्स्टनला सतराव्या वर्षी तो कसोटीत आला तो संथ डावखुरा फिरकीपटू म्हणून. वेगवान गोलंदाजी आणि मनगटी फिरकी नंतर आली. नवा चेंडू घ्यायचा, तो जुना झाला की फिरकीवर यायचं, असं करत त्याने २३५ बळी घेतले. आपला करसन घावरी त्याच पठडीतला: नव्या चेंडूने डावखुरी मध्यमगती, गरज पडली की डावखुरी फिरकी, ३९ कसोटींत १०९ बळी. त्या काळी भारताला नव्या चेंडूची चकाकी घालवून बेदी-प्रसन्ना-चंद्रशेखर या फिरकीपटूंना लवकर आणायचं असायचं, त्यामुळे घावरी आणि एकनाथ सोलकर यांच्यासारख्यांची दुहेरी कला संघाला फार उपयोगी पडली. इंग्लंडच्या टोनी ग्रेगचा १९७४ चा पोर्ट ऑफ स्पेन सामनाही आठवावा. एरवी मध्यमगती टाकणाऱ्या या उंच माणसाने तिथे ऑफ ब्रेक टाकून १३ बळी घेतले.

ऑस्ट्रेलियाचा कॉलिन मिलर दोन्हीकडचा. वर्षानुवर्षं वेगवान-मध्यमगती टाकून तो ऑफस्पिन शिकला, पण नवा चेंडू काही सोडला नाही. १९९८ मध्ये चौतिसाव्या वर्षी कसोटीत आला आणि १८ सामन्यांत ६९ बळी घेऊन गेला. इतक्या उशिरा हे जमणं मला अजून थक्क करतं.

अडचणीत टाकलेली फिरकी यात धरू नये. १९९६ च्या विश्वचषकात दिल्लीच्या सामन्यात श्रीलंकेच्या जयसूर्याने धुतल्यावर भारताचा मनोज प्रभाकर ऑफस्पिन टाकू लागला, ती हतबलता होती. तो त्याचा शेवटचा एकदिवसीय सामना ठरला. २०२१ मध्ये अॅडलेडला ऑली रॉबिन्सनने ऑफस्पिन टाकला, कारण इंग्लंडने फिरकीपटूच घेतला नव्हता.

नियमाची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. हात बदलायचा असेल किंवा ओव्हर द विकेटवरून राउंड द विकेट, म्हणजे यष्टींच्या दुसऱ्या बाजूने, यायचं असेल तर पंचांना सांगावं लागतं. वेगावरून फिरकीवर जाताना नाही. कीपरला मात्र सांगून ठेवावं, त्याला यष्टींजवळ यायचं असतं.

आणि नेट्सवरच्या त्या बाबांसाठी: मुलाची पाठ दुखते म्हणून वेग सोडायचा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा) होतात आणि विश्रांतीने बरेच जण पुन्हा वेगाने टाकतात. त्याला फिरकीच आवडत असेल तर रनअप कमी करून भागणार नाही. पकड, मनगट आणि पायाची गिरकी पहिल्यापासून शिकवणारा कोच शोधा, आणि निदान एक हंगाम त्याला मार खाऊ द्या.